सुई टोचता येईल, पण पुढचं निस्तरता येईल का?

पत्र: 'मॅडम, मी विट्यात १६ वर्षं लेडीज पार्लर चालवते. थ्रेडिंगपासून ब्रायडलपर्यंत सगळं करते, हाताखाली दोन मुली आहेत. परगावी सोनं-चांदी गाळायचा धंदा करणाऱ्या गलाईवाल्यांच्या घरच्या बायका दिवाळीला, लग्नसराईला गावी येतात. त्या चेन्नई-कोचीकडे बोटॉक्स, लेझर करून येतात आणि मला विचारतात, तुमच्याकडे का नाही? एका कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. लेझर, हायड्रा फेशियल आणि सुयांचं पेन असं मशीनचं पॅकेज, त्यावर बोटॉक्स, फिलर आणि ग्लुटाथायोन ड्रिपचा ३ दिवसांचा कोर्स, इंटरनॅशनल सर्टिफिकेट, सगळं मिळून २२ लाख. ५ वर्षांचं कर्ज, १२ टक्के व्याज. बोर्डावर लावायला डॉक्टरचं नावही तोच मिळवून देणार, त्याचे महिन्याला १५ हजार. डॉक्टर महिन्यातून एक रविवार येतील म्हणे. मिस्टर घर तारण ठेवायला तयार आहेत. आणखी एक. ३ आठवड्यांपूर्वी माझ्या नेहमीच्या एका मुलीला मी ऑनलाइन मागवलेलं ७० टक्क्यांचं ग्लायकोलिक पील लावलं. बाटलीवर ५ मिनिटं लिहिलं होतं, तेवढंच ठेवलं. तिचे दोन्ही गाल काळे पडलेत. तिचं लग्न वैशाखात आहे. मला रात्र रात्र झोप नाही. काय करू?'

ताई,

तुम्ही मशीनचं आधी लिहिलंत आणि त्या मुलीचं शेवटी. मी उलटीकडून सुरुवात करते, कारण मशीनची काही घाई नाही आणि तिच्या गालांची आहे.

पील म्हणजे कातडीचा वरचा थर उतरवणारं आम्ल. ग्लायकोलिक आम्लाचा कण फार बारीक असतो, त्यामुळे ते कातडीत भराभरा उतरतं. शिवाय ते आपलं आपण थांबत नाही, ते पाण्याने नाहीतर सोड्याच्या पाण्याने थांबवावं लागतं. त्वचारोगतज्ज्ञ असूनही ७० टक्क्यांचं पील लावते तेव्हा मी गालावरची नजर काढत नाही. लाली चढली की थांबवायचं. कुठे पांढुरकं दिसायला लागलं म्हणजे आपण आधीच उशीर केलेला असतो. एकीला ५ मिनिटं सोसतं आणि दुसरीला दीड मिनिटही जास्त होतं, आणि त्या दोघींच्या बाटलीवर आकडा तोच छापलेला असतो.

आता तिला एक गोष्ट शांतपणे विचारा. रात्री झोपताना ती मेडिकलमधून आणलेली कुठली ट्यूब लावते का? मला दाट शंका आहे की लावत असणार. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉईन आणि मोमेटासोन नावाचं स्टेरॉइड अशी तिन्ही औषधं एकत्र असलेली क्रीम आपल्याकडे गावोगाव 'गोरं व्हायची क्रीम' म्हणून खपतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ प्रकारची स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी मिळतातच. अशी ट्यूब महिनोन् महिने लावली की वरची कातडी पातळ होते, हळवी होते. तिच्यावर पील लावलं की ते जिथवर जायला नको तिथवर जातं. माझ्याकडे पीलसाठी बसणाऱ्या प्रत्येकीला मी हा प्रश्न तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारते, कारण पहिल्यांदा सगळ्याच 'काही नाही लावत' म्हणतात. तिसऱ्यांदा विचारलं की पर्समधून ट्यूब निघते.

गाल काळे पडलेत ते भाजल्यानंतरचा रंग आहे. कातडीला इजा झाली की रंग तयार करणाऱ्या पेशी जास्त रंग ओततात. आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ कातडीत हे हमखास होतं. हा रंग बहुतेक वेळा उतरतो, पण सावकाश, महिने घेत. लग्नाला अजून दोन-अडीच महिने आहेत. तोवर डाग फिके होतील, पूर्ण जातीलच असं नाही. तिला आणि तिच्या आईला हे असंच सांगा. 'आठ दिवसांत जाईल' असं चुकूनही म्हणू नका.

तिच्या चेहऱ्यावर आता नवीन काहीही करायचं नाही. पुन्हा पील नको, ब्लीच नको, स्क्रब नको, लिंबू-हळद-बेसनही नको. कुठे खपली किंवा ओल राहिली असेल तर तिथे साधं व्हॅसलीन. बाकी चेहऱ्याला सौम्य क्लीन्झर, साधं मॉइश्चरायझर आणि दिवसातून २-३ वेळा सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा वरचं, शक्यतो आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत, कारण ते डोळ्यांना दिसणारा उजेडही अडवतं आणि त्या उजेडानेही हे डाग गडद होतात. फाल्गुन-चैत्राचं ऊन वाढत चाललंय, तेव्हा स्कूटीवरून जाताना तोंडाला स्कार्फ हवाच. ती रात्रीची ट्यूब मात्र तिने स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. स्टेरॉइड अचानक सोडलं की चेहरा लालभडक होऊन पेटतो. ती कशी सोडायची हे त्वचारोगतज्ज्ञ ठरवतील. तिला या आठवड्यात दाखवायचं आहे. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचाविभाग आहे, सांगली-मिरजेत खाजगी त्वचारोगतज्ज्ञही आहेत. तुम्ही स्वतः तिच्याबरोबर जा. फी तुम्ही भरा, औषधाचा खर्च तुम्ही करा आणि पीलचे घेतलेले पैसे परत करा. लग्नाच्या दिवशी उरलेला डाग करेक्टरने कसा झाकायचा हे तुम्हाला माझ्याहून चांगलं येतं. त्याची ट्रायल मात्र चेहरा पूर्ण निवल्यावरच घ्या.

तुमच्या जागी दुसरी कुणी असती तर तिने त्या मुलीचा फोन उचलणं बंद केलं असतं. तुमची झोप उडाली. पुढे जे कडक बोलणार आहे ते या भरवशावर बोलते.

तो ३ दिवसांचा कोर्स. बोटॉक्स सुंदर दिसण्यासाठी कुणी शोधून काढलेलं नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचं ते विष आहे, अतिशय थोड्या मात्रेत औषध म्हणून वापरलं जाणारं. तिरळे डोळे आणि पापण्यांची न थांबणारी फडफड यांच्यासाठी अमेरिकेत १९८९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. कॅनडात व्हँकुव्हरला जीन कॅरुथर्स या नेत्रतज्ज्ञ पापण्या फडफडणाऱ्या रुग्णांना ते देत होत्या. १९८७ च्या सुमाराला त्यांच्या लक्षात आलं की रुग्णाच्या भुवयांमधल्या आठ्याही गेल्यात. त्यांचे पती अ‍ॅलस्टर कॅरुथर्स त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून ते रुग्णांवर तपासलं, १९९२ मध्ये निबंध छापला आणि आठ्यांसाठी अमेरिकी मान्यता यायला २००२ साल उजाडलं. जी बाई डोळ्याभोवतीचा एकेक स्नायू रोज हाताळत होती, तिलाही एवढी वर्षं लागली.

भुवयांमधल्या आठ्यांसाठी मान्य मात्रा २० युनिट आहे. ५ ठिकाणी ४-४ युनिट. कागदावर हे इतकं सोपं दिसतं की तीन दिवस जास्तच वाटावेत. माझ्या प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी गडहिंग्लजच्या एका शिक्षिकेला मी हेच इंजेक्शन दिलं. त्याआधी मी त्वचारोगाचं एमडी केलेलं होतं, मोठ्यांच्या हाताखाली शिकलेली होते. आठ्या पाडणाऱ्या स्नायूच्या बाहेरच्या टोकाला सुई भुवईच्या हाडाच्या कडेपासून निदान १ सेंटीमीटर वर ठेवायची असते. डाव्या बाजूला ती किंचित खाली गेली. पाचव्या दिवशी बाईंचा फोन आला: 'मॅडम, डावा डोळा अर्धाच उघडतोय.' औषध झिरपून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोहोचलं होतं. मी त्यांना त्याच दिवशी बोलावलं, काय झालंय ते चित्र काढून समजावलं, पापणी तात्पुरती उचलणारे थेंब दिले. ६ आठवडे त्या काळा चष्मा लावून वर्गात उभ्या राहिल्या. शाळेत लोकांनी त्यांना पॅरालिसिस झाला का म्हणून विचारलं. मी दर तिसऱ्या दिवशी फोन करत होते आणि प्रत्येक फोनआधी पोटात गोळा यायचा. पापणी पूर्ण उघडली त्या दिवशी त्या स्वतःहून दाखवायला आल्या.

हे तुम्हाला मुद्दाम सांगते. चूक माझ्याही हातून झाली, पण झालंय काय, ते किती दिवस टिकेल, त्यावर काय द्यायचं आणि डोळ्याच्या डॉक्टरकडे कधी पाठवायचं हे मला ठाऊक होतं. त्या ३ दिवसांत तुम्हाला सुई धरायला शिकवतील. पाचव्या दिवशी फोन येईल तेव्हा शिकवणारा पुढच्या गावी गेलेला असेल.

फिलरचं तर मला जास्त भय वाटतं. ओठ, गाल, नाक भरायला हायल्युरोनिक आम्लाची जेली टोचतात. चेहऱ्यात रक्तवाहिन्यांचं जाळं आहे आणि नाक आणि भुवयांमधल्या वाहिन्या डोळ्याला रक्त नेणाऱ्या वाहिन्यांशी जोडलेल्या आहेत. जेली चुकून रक्तवाहिनीत गेली की कातडी एकदम पांढरी पडते, मग जाळीदार निळसर होते. दुखतं, पण बऱ्याच फिलरमध्ये बधिर करणारं औषध मिसळलेलं असतं, त्यामुळे दुखणं झाकलंही जातं. हायल्युरोनिडेज नावाचं जेली विरघळवणारं औषध त्याच क्षणी हाताशी लागतं, भरपूर लागतं आणि ते कुठे किती टोचायचं हे कळावं लागतं. नाहीतर नाकाचं टोक काळं पडून झडू शकतं. जेली डोळ्याच्या वाहिनीत गेली तर दृष्टी जाते. पडद्याला रक्त मिळालं नाही तर कायमची इजा व्हायला तास-दीड तास पुरतो. विट्याहून मिरज गाठायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे.

मी हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. मी स्वतः फिलर करते, तरी माझ्या ट्रेमध्ये हायल्युरोनिडेजची बाटली असल्याशिवाय सिरिंज उघडत नाही. त्या माणसाला एवढंच विचारा, पॅकेजमध्ये ही बाटली आहे का. बहुतेक त्याला हे नावच नवीन असेल.

बाटलीवरून आठवलं. बोटॉक्सची १०० युनिटची बाटली २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. तुमच्याकडे लाइट किती वेळ जाते हे तुम्हीच सांगा. एकदा सलाइनमध्ये मिसळली की कंपनीच्या सूचनेप्रमाणे ती २४ तासांत वापरायची. एकीला २० युनिट लागली तर त्याच दिवशी उरलेल्या ८० ला चार बायका कुठून आणणार? मग उरलेली बाटली फ्रीजमध्ये महिना महिना राहते, नाहीतर जास्त पाणी घालून ती वाढवली जाते, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर निम्म्या दरात मिळणारी मागवली जाते. बरं, एका कंपनीचं युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाएवढं नसतं, त्यामुळे आकडा तोच ठेवून बाटली बदलली की मात्रा चुकलीच. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत बनावट किंवा बेभरवशाच्या इंजेक्शनांनंतर ११ राज्यांतल्या २२ बायका आजारी पडल्या. ती इंजेक्शनं परवाना नसलेल्या किंवा शिक्षण न घेतलेल्या लोकांनी, नाहीतर घरात आणि स्पामध्ये दिलेली होती. काहींना या विषाच्या बाधेवरचं, म्हणजे बोट्युलिझमवरचं प्रतिविष द्यावं लागलं.

ग्लुटाथायोनची ड्रिप तर तुम्ही लावूच नका आणि तुमच्या जागेत कुणाला लावूही देऊ नका. गोरं होण्यासाठी ते शिरेतून द्यायला आपल्याकडे मान्यता नाही. फिलिपिन्समध्ये या ड्रिपची मोठी लाट आली होती, तिथल्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच लोकांना त्याविरुद्ध सावध केलं. शिरेत काहीही सोडलं की अ‍ॅलर्जीने रक्तदाब कोसळू शकतो आणि त्या वेळी अ‍ॅड्रिनॅलिन भरायला पार्लरमध्ये कोण आहे? कातडीत बारीक सुया टोचणाऱ्या पेनचं तसंच. त्याने रक्त येतं, आणि रक्त आलं की एचआयव्ही आणि कावीळ बी-सी दाराशी आले. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या एका विनापरवाना स्पामध्ये अशाच सुया आणि रक्त वापरून केलेल्या 'व्हँपायर फेशियल'मधून बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं तपासात निघालं. बिनलेबलच्या डबीतली 'फॉर्म्युला' क्रीम कुणी आणून दिली तर तीही ठेवू नका. त्यात पारा असू शकतो. २०२३ मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात अशी क्रीम लावणाऱ्यांची मूत्रपिंडं बिघडल्याचं तिथल्या डॉक्टरांनी शोधून काढलं.

लेझरबद्दल तुम्ही म्हणाल, त्यात तर सुई नाही. लेझरचा उजेड काळा रंग शोधतो. केसातला काळा रंग आणि कातडीतला काळा रंग यातला फरक त्याला आपोआप कळत नाही, तो चालवणाऱ्याने मशीनला सांगावा लागतो. हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये कातडीचे प्रकार मांडले. आता ते १ ते ६ असे मोजतात. युरोपातली गोरी कातडी १-२ मध्ये बसते, आपण बहुतेक ४-५ मध्ये. गोऱ्या कातडीसाठी ठरवलेली सेटिंग आपल्या मुलीवर चालवली की कातडी भाजते, पट्ट्यापट्ट्यांनी. द्राक्षबागेत उन्हात राबून आलेली बाई आणि वर्षभर एसी दुकानात बसलेली तिचीच सख्खी बहीण, या दोघींची सेटिंगसुद्धा एक नसते. आणि केस कायमचे जातात असं कुणाला सांगू नका. ते कमी होतात. ६-८ सिटिंग लागतात, पीसीओडी असेल तर पुन्हा येतात आणि पांढऱ्या केसांवर लेझर चालतच नाही.

आता बोर्डावरचं नाव. हा मला सगळ्या पत्रातला सगळ्यात वाईट भाग वाटला आणि तो वाटतो मात्र सगळ्यात सोयीचा. महाराष्ट्रात १९६१ चा वैद्यक व्यवसायी कायदा आहे. त्याच्या कलम ३३ प्रमाणे नोंदणी नसलेल्या माणसाने वैद्यकी करणं हा गुन्हा आहे. महिन्यातून एका रविवारी येणाऱ्या डॉक्टरच्या नावाखाली उरलेले २९ दिवस तुम्ही सुई टोचलीत तर ती वैद्यकी तुम्हीच केलीत. एखादीच्या ओठाचं वाटोळं झालं तर तो डॉक्टर म्हणेल, मी त्या दिवशी तिथे नव्हतो, आणि ते खरंच असेल. पोलीस येतील ते तुमच्या दारात. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात सांगितलं की ज्या शास्त्राचं शिक्षण घेतलं नाही त्यातले उपचार करणं हाच निष्काळजीपणा, वेगळा पुरावा लागत नाही. आणि त्या प्रकरणातला माणूस होमिओपॅथीचा नोंदणीकृत डॉक्टर होता. तुमच्याकडे असेल एक लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट. नाव भाड्याने देणाऱ्या डॉक्टरबद्दल काय बोलू? माझ्या व्यवसायातला माणूस १५ हजारांसाठी हे करतो याची मला लाज वाटते.

पैशाचं थोडक्यात. २२ लाख, १२ टक्के, ५ वर्षं म्हणजे महिन्याचा हप्ता साधारण ४९ हजार. महिन्याचे २६ दिवस दुकान उघडं धरलं तर दार उघडायच्या आधीच रोजचे जवळपास १,९०० रुपये देणं झालं. त्यात त्या नावाचे १५ हजार, मशीनचं मेंटेनन्स, लाइटबिल, आणि लेझरच्या हॅण्डपीसचं आयुष्य फ्लॅशच्या मोजणीत असतं, तो संपला की नवा. जीएसटीचं सीएला विचारा, निव्वळ सौंदर्यासाठीच्या उपचारांना दवाखान्यासारखी सूट मिळेल असं धरून चालू नका. सुया, रक्ताचे बोळे कचऱ्याच्या गाडीत टाकता येत नाहीत. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत, त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. हे सगळं निभावणारे लोक आहेत, मीही निभावते. माझी भीती वेगळी आहे. मी दर आठवड्याला दोघी-तिघींना काही न करता परत पाठवते. एकीचं लग्न ४ दिवसांवर असतं, एकीच्या ओठाला नागीण असते, एखादीला दिवस गेलेले असतात, एखादीला नवऱ्याने टोमणा मारला म्हणून नाक बदलायचं असतं. या कामात नाही म्हणणं हीच निम्मी विद्या आहे. पाच तारखेला हप्ता असेल आणि घर तारण असेल तर तीन तारखेला दारात आलेल्या बाईला तुम्ही 'तुम्हाला नको' म्हणू शकाल का?

घर तारण ठेवू नका.

मग गलाईवाल्यांच्या सुनांना काय सांगायचं? माझ्याकडे तुमच्या भागातल्याच एका पार्लरवाल्या बाईंनी सात-आठ वर्षांपूर्वी एका तरुण सुनेला पाठवलं होतं. बरोबर चिठ्ठी नव्हती, फोन केला होता. म्हणाल्या, 'मॅडम, हिच्या उजव्या भुवईवर फिकट चट्टा आहे. मी थ्रेडिंग करते तेव्हा डावीकडे ही कळवळते आणि उजवीकडे हिला दोरा कळतच नाही.' मी कापसाचा धागा फिरवून पाहिला. चट्ट्यावर स्पर्श नव्हता. कुष्ठरोगाची सुरुवात होती. सरकारी दवाखान्यातून फुकट औषध मिळालं, ती पूर्ण बरी झाली, भुवईचे केसही राहिले. त्याआधी तिने दोन ठिकाणी साधा डाग म्हणून मलमं घेतली होती. निदान केलं ते एका दोऱ्याने, आणि तो दोरा माझ्या हातात नव्हता.

तुमच्या हातात तो १६ वर्षं आहे. विट्यातल्या किती बायकांचा चेहरा तुम्ही महिन्यातून एकदा, वीतभर अंतरावरून, चांगल्या उजेडात बघता! एवढ्या जवळून त्यांना त्यांचा डॉक्टरही बघत नाही. मानेमागे मखमली काळेपणा असेल तर तो मळ नसतो, घासू नका. वजन आणि साखर तपासायला सांगा. हनुवटीवर राठ केस वाढताहेत आणि पाळी लांबतेय तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. गाल सतत लाल, पातळ, बारीक शिरा दिसताहेत तर रात्रीच्या ट्यूबबद्दल विचारा. तीळ वाढतोय, रंग बदलतोय, रक्त येतंय तर त्याला हात न लावता पाठवा. हे ओळखायला मशीन लागत नाही.

धंदा वाढवायचा असेल तर एक रस्ता मला खरंच चांगला वाटतो. तुमच्या पार्लरशेजारी किंवा वरती एक वेगळी खोली असेल, वेगळ्या दाराची, तर ती एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाला आठवड्यातून २ दिवस भाड्याने द्या. खरा त्वचारोगतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर त्वचेचं एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा केलेला. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा, तो तपासता येतो. बोर्ड त्यांचा, मशीन त्यांचं, केसपेपर, संमतीपत्र, फोटो, कचऱ्याची परवानगी सगळं त्यांचं. सुई आणि लेझर तेच चालवतील, किंवा ते खोलीत असताना त्यांची शिकवलेली माणसं. तुम्ही ठरलेलं भाडं घ्या. पेशंटमागे कट मागू नका. डॉक्टरांच्या २००२ च्या नीतिनियमांत कमिशन देणं-घेणं निषिद्ध आहे आणि जो डॉक्टर आनंदाने कट देतो तो तुमच्या मैत्रिणींवर तो वसूलही करेल. तुमचं पार्लर इकडे तसंच चालेल. हायड्रा फेशियल करायचं असेल तर त्याचं साधं मशीन स्वतःच्या साठलेल्या पैशातून घ्या. त्यात सुई नाही, मशीनची टोकं दर वेळी बदला, वांग, उघडी जखम, नागीण असलेल्यांना करू नका. पील मात्र आता पूर्ण बंद. सौम्य का असेना, त्या मुलीचे गाल बरे होईपर्यंत तरी तुमच्या कपाटात ती बाटली नको.

डॉक्टर शोधायला वर्ष लागेल. तोवर चेन्नईहून आलेल्या सुनेने विचारलं तर सांगा, 'बोटॉक्स डॉक्टरकडून करून घ्या, मी चांगल्या डॉक्टरचं नाव देते. करून आलात की दोन आठवडे माझ्याकडे मसाज, फेशियल काही करायचं नाही.' हा सल्ला तिला दुसरीकडे कुणी दिलेला नसेल. ती पुढच्या दिवाळीला तुमच्याकडेच येईल.

कंपनीच्या माणसाला फोन करून नाही सांगून टाका, म्हणजे मिस्टरांशी रोज तेच बोलणं व्हायचं नाही. आणि सोमवारी सकाळची एसटी धरून त्या मुलीला घेऊन मिरजेला जा. ओपीडीत गर्दी असते, लवकर पोहोचा. पीलची बाटली आणि तिची रात्रीची ट्यूब, दोन्ही पिशवीत घ्या. बाटलीवरचं लेबल निघालं असेल तरी बाटली न्या. डॉक्टरांनी विचारलं की किती वेळ ठेवलं, तर ५ मिनिटं म्हणून सांगा. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा.